राष्ट्राध्यक्षांचा राग, देशाचा लोभ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते नागरिकशास्त्र शिकवत. इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला बांधलेला, परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायचा विषय. गुरुजींनी तो जन्मभर मन लावून शिकवला, म्हणून त्यांच्या नावाने बोलताना विषयही नागरिकशास्त्रातलाच घ्यावा असे ठरवले. संयोजकांना कळवले, की अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचा द्वेष करणारे लोक यांच्यावर बोलणार. ते फोनवर जरा घुटमळले. म्हणाले, 'इथलं काही नाही का घेता येणार?' मी म्हटले, इथले घेतले तर पहिल्या दहा मिनिटांत निम्मे सभागृह उठून जाईल आणि उरलेले निम्मे टाळ्या वाजवील. दोन्हीकडून माझे व्याख्यान वाया. तेव्हा आज अमेरिका. 'लेकी बोले सुने लागे' असा माझा डाव आहे अशी शंका कुणाला आली, तर त्यांनी ती खुशाल घरी न्यावी. मी मात्र लेकीशीच बोलणार आहे.

प्रश्न साधा आहे. ज्या माणसाला आपल्या देशाचा प्रमुख मनापासून नकोसा वाटतो, त्याचा चेहरा पडद्यावर दिसला की जो चॅनेल बदलतो, तो माणूस देशावर प्रेम करू शकतो का? तुम्ही म्हणाल, अहो, यात विचारण्यासारखे काय आहे? अर्थात करू शकतो. मीही तेच म्हणतो. पण मग पुढचा प्रश्न येतो आणि तो तितका सोपा नाही. हा राग कुठवर गेला म्हणजे तो देशावरच उलटतो? आणि ते ठरवायचे कुणी? राष्ट्राध्यक्षांनी? त्यांच्या पक्षाने? न्यायालयाने? की ज्याचा त्याने, रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर?

आधी त्या पदाची घडण पाहू, कारण निम्मा घोटाळा तिथेच आहे. इंग्लंडात राजा वेगळा आणि पंतप्रधान वेगळा. सकाळी पंतप्रधानाला लाखोली वाहावी आणि संध्याकाळी राजाच्या नावाने उभे राहून गाणे म्हणावे. कुणाला त्यात विसंगती दिसत नाही. तिथे तर विरोधी पक्षालाही 'राजाचा निष्ठावंत विरोधी पक्ष' म्हणतात आणि १९३७पासून त्याच्या नेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो. सरकारला विरोध करणे ही पगारी देशसेवा! आपणही बरेचसे तेच वळण घेतले. ४ नोव्हेंबर १९४८ला घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेब आंबेडकरांनी हा फरक उलगडून सांगितला होता. आपला राष्ट्रपती राष्ट्राचे प्रतिनिधित्व करील, राष्ट्रावर राज्य करणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. अमेरिकेची पद्धत त्यांना चांगली ठाऊक होती. ती ठाऊक असूनही, किंबहुना ठाऊक होती म्हणूनच, त्यांनी दुसरी वाट समोर ठेवली.

अमेरिकेत दोन्ही पगड्या एकाच डोक्यावर आहेत. युद्धात पडलेल्या जवानाची शवपेटी विमानातून उतरते, तेव्हा सलाम करायला उभे राहणारे तेच, आणि दुसऱ्या दिवशी पक्षाच्या निधीसाठी जेवणावळीत भाषण ठोकणारेही तेच. मग त्या माणसाच्या कराच्या धोरणावर दात-ओठ खाणाऱ्याला कुणीही सहज म्हणू शकतो, की तू शवपेटीला सलाम करणाऱ्याचा अपमान केलास. आणि राष्ट्राध्यक्षालाही हा घोटाळा सोयीचाच असतो. टीका झाली की राष्ट्रप्रमुखाची पगडी घालायची आणि निवडणूक आली की पक्षप्रमुखाची.

आपल्यापैकी पुष्कळांचे भाचे-पुतणे न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये, कॅलिफोर्नियात स्थायिक झाले आहेत. ते तिथले नागरिक झाले तेव्हा त्यांनी उजवा हात वर करून शपथ घेतली. ती शपथ राज्यघटनेची आणि कायद्यांची आहे; तीत राष्ट्राध्यक्षांचे नाव नाही. लष्करी अधिकाऱ्याचीही शपथ घटनेचीच. साध्या शिपायाच्या शपथेत राष्ट्राध्यक्षांच्या आज्ञा पाळण्याचे कलम आहे, पण तेही घटनेनंतर आणि नियमांच्या चौकटीत. मला ही बारीकशी गोष्ट फार बोलकी वाटते. जसजसा माणूस वरच्या पायरीवर जातो, तसतसे त्याच्या शपथेतून व्यक्ती गळून पडते.

आता एक भाबडी समजूत दूर करू. पूर्वीच्या काळी म्हणे लोक राष्ट्राध्यक्षांचा मान ठेवत, हा द्वेष अलीकडचा. साफ खोटे! जॉर्ज वॉशिंग्टन दोनदा एकमताने निवडून आले. त्यांच्याइतका निर्विवाद माणूस त्या देशाला पुन्हा मिळाला नाही. त्यांचीही दुसऱ्या कारकिर्दीत, इंग्लंडशी केलेल्या जे-तहानंतर, वर्तमानपत्रांनी सालटी काढली. फिलाडेल्फियाचे 'ऑरोरा' त्यात सर्वांत पुढे होते आणि त्याचा संपादक होता बेंजामिन फ्रँकलिन यांचा सख्खा नातू. १७९७च्या मार्चमध्ये वॉशिंग्टन पायउतार झाले, तेव्हा या पत्राने जाहीर आनंद साजरा केला. तेव्हा 'आमच्या वेळी असे नव्हते' हे वाक्य अमेरिकेत कुणी म्हणू नये.

त्यानंतरचे वर्ष १७९८. फ्रान्सशी समुद्रावर चकमकी सुरू होत्या, युद्धाची हवा होती. राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी जुलैत राजद्रोहाच्या कायद्यावर सही केली. सरकार, काँग्रेस किंवा राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे आणि बदनामीकारक लिहिले-बोलले तर दोन वर्षे कैद आणि दोन हजार डॉलर दंड. यातली गंमत पाहा. या यादीत उपराष्ट्राध्यक्ष नव्हते. का? कारण उपराष्ट्राध्यक्ष होते थॉमस जेफरसन, म्हणजे विरोधी पक्षाचे पुढारी! त्यांना शिव्या घालायची मुभा राहिली. मुदतही अशी, की ३ मार्च १८०१ला, अ‍ॅडम्स यांच्या कारकिर्दीबरोबरच कायदा संपावा. उद्या दुसरे सत्तेवर आले तर तो आपल्यावर उलटायला नको. देशप्रेमाच्या नावाने केलेला कायदा कोणत्या पक्षाच्या घरी शिजला आहे, हे बहुधा त्याच्या अपवादांवरून कळते.

त्या कायद्याने कुणाला धरले? न्यूअर्क गावातून अ‍ॅडम्स यांची स्वारी चालली होती, तोफांची सलामी होत होती. ल्यूथर बाल्डविन नावाचा एक माणूस दारूच्या अमलात होता. त्या तोफांचा गोळा राष्ट्राध्यक्षांच्या पार्श्वभागात शिरला तरी आपल्याला फिकीर नाही, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलून गेला. झाला राजद्रोह. दंड भरावा लागला. दुसरे मोठे प्रकरण व्हरमाँटचे काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन यांचे. राष्ट्राध्यक्षांना डामडौलाचा आणि खुशामतीचा सोस आहे, असे त्यांनी एका पत्रात लिहिले. चार महिने तुरुंग आणि एक हजार डॉलर दंड. मतदारांनी काय केले? तुरुंगात असतानाच त्यांना पुन्हा निवडून दिले. पुढे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे बर यांची मते समसमान पडली, १८०१मध्ये निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली आणि छत्तिसाव्या फेरीत व्हरमाँटचे मत जेफरसन यांच्या पारड्यात टाकणारे हेच लायन. अ‍ॅडम्स मात्र आपल्या वारसाच्या शपथविधीला थांबले नाहीत. पहाटेच गाडीत बसून निघून गेले. रुसले, पण गेले. खुर्ची अडवून बसले नाहीत, हे त्यांच्या खात्यावर जमा. लायन यांच्या दंडाची रक्कम काँग्रेसने १८४०मध्ये त्यांच्या वारसांना व्याजासकट परत केली.

राजद्रोह म्हटले की महाराष्ट्रातल्या श्रोत्याला टिळक आठवणारच. १९०८चा खटला, सहा वर्षांची शिक्षा, मंडाले. पण एक फरक विसरू नये. टिळकांना शिक्षा करणारे सरकार परके होते. त्याच्यावर प्रेम करा ही मागणीच हास्यास्पद होती. अ‍ॅडम्स यांचे सरकार लोकांनी निवडलेले होते. तरी त्याला हाच मोह झाला. निवडून आलेल्या माणसाला तर असेही वाटू लागते, की लोकांनीच मला निवडले, मग माझ्यावर टीका म्हणजे लोकांवरच टीका. परक्या व्हाइसरॉयाला हा युक्तिवाद करण्याची सोय नव्हती.

आता मी जरा रेंगाळणार आहे, कारण माणूसच तसा आहे. अब्राहम लिंकन. आपल्या डोळ्यांसमोर दाढीवाले, पुतळ्यातले लिंकन असतात. १८४७च्या डिसेंबरात वॉशिंग्टनला आलेले लिंकन बिनदाढीचे, इलिनॉयचे नवखे काँग्रेस सदस्य होते. मेक्सिकोशी युद्ध चालू होते. राष्ट्राध्यक्ष पोक यांनी सांगितले होते, की मेक्सिकोने अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकन रक्त सांडले, म्हणून युद्ध. या नवख्या सदस्याने २२ डिसेंबरला आठ ठराव मांडले. त्यांचे सार एकच. ते रक्त नेमके कोणत्या जागी सांडले, ती जागा दाखवा. आणि ती जागा तेव्हा आपली होती का, तेही सांगा. पुढच्या महिन्यात, हे युद्ध राष्ट्राध्यक्षांनी विनाकारण आणि घटनाबाह्य रीतीने सुरू केले, असे म्हणणाऱ्या दुरुस्तीच्या बाजूने त्यांनी मत दिले. सैन्य रणांगणावर असताना! गावाकडच्या विरोधी पत्रांनी त्यांना देशद्रोह्यांच्या रांगेत बसवले, 'स्पॉटी लिंकन' म्हणून चिडवले. पण याच लिंकन यांनी सैन्याच्या रसदीच्या आणि खर्चाच्या मागण्यांना मात्र बाजूने मते दिली. युद्ध चुकीचे आहे असे म्हणणारा माणूस त्या युद्धातल्या शिपायाच्या तोंडचा घास काढत नाही. माझ्या आजच्या विषयाचा गाभा या दोन मतदानांच्या मधे कुठेतरी आहे.

आणि पंधरा वर्षांनी? तेच लिंकन राष्ट्राध्यक्ष, देश दुभंगलेला आणि ओहायोचे व्हॅलँडिगहॅम नावाचे माजी काँग्रेस सदस्य गावोगाव सांगत फिरतात, की हे युद्ध लिंकन यांनी लादले आहे. १८६३च्या मे महिन्यात लष्कराने त्यांना घरातून उचलले आणि लष्करी न्यायमंडळापुढे उभे केले. लिंकन यांनी कैदेऐवजी त्यांना बंडखोर राज्यांच्या हद्दीत सोडून द्यायला लावले. वर असा प्रश्न केला, की पळून जाणाऱ्या भोळ्या शिपायाला मी गोळ्या घालायच्या आणि त्याला पळायला लावणाऱ्या धूर्त पुढाऱ्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही का? प्रश्न धारदार आहे. पण श्रोतेहो, १८४८मध्ये पोक यांनी हाच प्रश्न विचारून बिनदाढीच्या लिंकन यांना उचलले असते तर? लिंकन यांचे कितीही गुणगान करा, मी स्वतः करतो, पण या प्रकरणात सत्तेच्या खुर्चीत बसलेल्या लिंकन यांच्यापेक्षा मला बाकावरचे लिंकन अधिक पटतात. पुढे व्हॅलँडिगहॅम कॅनडामार्गे परत आले, पुन्हा भाषणे करू लागले आणि लिंकन यांनी तिकडे काणाडोळा केला. त्यांनाही काही उमगले असावे.

पण याच माणसाचा आणखी एक कागद आहे. २३ ऑगस्ट १८६४. यादवी युद्धाचे चौथे वर्ष. पीटर्सबर्गपुढे ग्रँट यांचे सैन्य अडकून पडलेले, मृतांच्या याद्या रोज छापून येतात. नोव्हेंबरात निवडणूक. लिंकन यांची खात्री झाली, की आपण हरणार. आणि जिंकणार कोण? त्यांनीच सेनापतिपदावरून काढलेले मॅक्लेलन. मॅक्लेलन यांना लिंकन यांच्याबद्दल काडीचा आदर नव्हता. घरच्या पत्रांत ते त्यांना काय काय म्हणत ते इथे सांगत नाही. त्या दिवशी लिंकन यांनी काही ओळी लिहिल्या, कागदाची घडी घातली, ती चिकटवून टाकली आणि मंत्र्यांपुढे धरली. म्हणाले, मागच्या बाजूला सह्या करा. आत काय आहे हे ठाऊक नसतानाच सगळ्यांनी सह्या केल्या.

निवडणूक लिंकन यांनीच जिंकली. मधल्या काळात अटलांटा पडले आणि वारे फिरले. ११ नोव्हेंबरला त्यांनी तो कागद काढला आणि आपल्या तरुण चिटणिसाला, जॉन हे यांना, न फाडता उघडायला सांगितले. चिकटवला होता इतका विचित्र, की शेवटी कापावाच लागला. आत काय होते? आपण हरलो, तर निवडणूक आणि शपथविधी यांच्या मधल्या काळात नव्या राष्ट्राध्यक्षांशी सहकार्य करून देश वाचवणे हे आपले कर्तव्य राहील. कारण नंतर त्यांना तो वाचवता येणार नाही, अशा अटींवर ते निवडून आलेले असतील. लिंकन यांनी सांगितले, की आपण मॅक्लेलन यांच्याकडे जाऊन म्हणणार होतो, लोकांचा विश्वास तुमच्याकडे, कारभार माझ्याकडे. चला, दोघे मिळून देश वाचवू. यावर परराष्ट्रमंत्री सीवर्ड म्हणाले, जनरलसाहेबांनी आज 'हो हो' म्हटले असते, उद्याही 'हो हो' म्हटले असते आणि केले काहीच नसते. सगळे हसले असतील. लिंकन एवढेच म्हणाले, की निदान मी माझे कर्तव्य केले असते.

ज्याला आपला तिरस्कार वाटतो आणि ज्याचे धोरण आपल्याला घातक वाटते, तो जिंकला तर त्याच्या हातात देश कसा सुखरूप द्यायचा, याचा विचार निवडणुकीआधी दहा-अकरा आठवडे करणारा राजकारणी! मी पुष्कळ शोधतो. फार सापडत नाहीत.

आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. सभ्य सभेत जरा अवघड वाटेल, पण तिच्याइतके चपखल दुसरे काही नाही. 'नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे.' पक्षद्वेषाची शेवटची पायरी ती हीच. राष्ट्राध्यक्ष मला नकोत, इथवर ठीक. त्यांचे धोरण हाणून पाडीन, हेही ठीक. विरोधी पक्ष त्यासाठीच असतो. पण त्यांच्या कारकिर्दीत बेकारी वाढली, लढाई फसली, करार मोडला, साथ पसरली आणि बातमी ऐकून पोटात आधी गुदगुल्या झाल्या, चिंता नंतर वाटली, तर समजावे की म्हण आपल्यालाच लागू झाली. टीका किती कडक आहे यावर काहीच ठरत नाही. वाईट बातमीवर पहिली प्रतिक्रिया कोणती उठली, त्यावर सगळे आहे. आणि ती आपल्याशिवाय कुणाला दिसत नाही. म्हणून तर तिच्यावर कायदा करता येत नाही. १७९८मध्ये करून पाहिला, १९१८मध्ये पुन्हा करून पाहिला.

१९१८चा उल्लेख आलाच आहे तर थिओडोर रूझवेल्ट यांच्याबद्दल बोलू. हे माजी राष्ट्राध्यक्ष. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्यावर त्यांचा दात होता. महायुद्धात स्वतःची पलटण उभारून लढायला जाऊ द्या, अशी मागणी साठीला टेकलेल्या या गृहस्थांनी केली आणि विल्सन यांनी ती नाकारली. त्या मे महिन्यात, टीकाकारांची तोंडे बंद करणारा नवा कायदा येत असताना, रूझवेल्ट यांनी कॅन्सस सिटीच्या एका दैनिकात लिहिले, की राष्ट्राध्यक्षांवर टीका करू नये असे म्हणणे लाचारीचे तर आहेच, देशाशी बेइमानीचेही आहे. आता हे लिहिणाऱ्याचे चारही मुलगे त्याच विल्सन यांच्या सैन्यात होते. धाकटा क्वेंटिन वैमानिक. १४ जुलै १९१८ला फ्रान्समध्ये त्याचे विमान पाडले गेले, तो गेला. ज्या सरसेनापतीवर वडील रोज आसूड ओढत होते, त्याच्याच आज्ञेखाली. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. स्वतःच्या टीकेसाठी रूझवेल्ट जितके उदार होते, तितके युद्धविरोधी समाजवाद्यांच्या बाबतीत नव्हते. त्या जूनमध्ये समाजवादी पुढारी यूजीन डेब्ज यांनी ओहायोत युद्धाविरुद्ध भाषण केले आणि त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. 'आपला तो बाब्या' हा न्याय थोरांनाही सुटत नाही. डेब्ज यांनी १९२०ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तुरुंगातून लढवली आणि नऊ लाखांवर मते मिळवली.

वेंडेल विल्की यांचे नाव आज कुणाला फारसे आठवत नाही. १९४०मध्ये ते फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याविरुद्ध रिपब्लिकन उमेदवार होते. सव्वादोन कोटींच्या आसपास मते पडली, तरी हरले. प्रचार जोरदार केला होता. रूझवेल्ट पुन्हा आले तर एप्रिलपर्यंत तुमची मुले युद्धावर जातील, इथवर बोलले होते. आणि १९४१च्या जानेवारीत हेच विल्की लंडनच्या रस्त्यावर, बॉम्बने पडलेल्या घरांमधून हिंडत होते, दारूच्या गुत्त्यात शिरून लोकांबरोबर निशाणबाजी खेळत होते. खिशात काय? रूझवेल्ट यांनी स्वहस्ते चर्चिल यांना लिहिलेले पत्र, ज्यात लाँगफेलोच्या कवितेच्या ओळी होत्या. दोन-तीन महिन्यांपूर्वी ज्याला हुकूमशहा होऊ पाहणारा ठरवत होता, त्याचा टपालवाला होऊन हा माणूस समुद्र ओलांडून गेला!

परत येऊन त्यांनी सिनेटच्या समितीपुढे ब्रिटनला मदत देण्याच्या विधेयकाच्या बाजूने साक्ष दिली. एका सिनेटरने त्यांचे ते एप्रिलचे वाक्य त्यांच्यापुढे टाकले. तुम्हीच म्हणाला होता ना? विल्की हसून म्हणाले, ते प्रचारातले बोलणे होते हो. लोक हसले. मलाही वाचताना हसू येते, पण थोडे खटकतेही. मतांसाठी भीती दाखवायची आणि निकालानंतर ती हसण्यावारी न्यायची, हे फार भूषणावह नाही. तरीही मार्चमध्ये ते विधेयक संमत झाले आणि त्यात या पराभूत उमेदवाराचा वाटा होता. त्याची किंमत? स्वपक्षाने त्यांना कधी माफ केले नाही. १९४४मध्ये विस्कॉन्सिनच्या प्राथमिक फेरीत ते सपाटून आपटले आणि त्याच वर्षी वारले. विल्की यांच्या लंडनवारीवरून तुमच्यापैकी काहींना १९९४ आठवले असेल. जिनिव्हात काश्मीरचा प्रश्न आला तेव्हा पंतप्रधान नरसिंह राव यांनी विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांना भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून पाठवले होते.

मग आज अमेरिकेत काय बदलले? आवाज नाही बदलला; आवाज पहिल्यापासूनच मोठा होता. २००९मध्ये ओबामा यांचे भाषण चालू असताना एक रिपब्लिकन सदस्य 'खोटे बोलता' म्हणून ओरडला. २०२०मध्ये ट्रम्प यांचे भाषण संपताच सभापती पलोसी यांनी त्याची प्रत सगळ्यांदेखत फाडली. यावर तिथे रकानेच्या रकाने लिहिले गेले. मला दोन्ही गोष्टी किरकोळ वाटतात. आपल्या विधानसभेतले माइक आणि राजदंड पाहिलेल्या माणसाला तर फारच किरकोळ. बदल झाला आहे तो घराच्या आत. १९६०च्या सुमारास अमेरिकनांना विचारले होते, की तुमच्या मुलाने किंवा मुलीने विरोधी पक्षाच्या माणसाशी लग्न केले तर वाईट वाटेल का? हो म्हणणारे शंभरात पाच. पन्नास वर्षांनी, २०१०मध्ये तसाच प्रश्न विचारला, तर रिपब्लिकनांत जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांत तिसरा हिस्सा हो म्हणाला. सोयरीक! हा शब्द आला की आपल्याला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. पक्ष बदलता येतो, म्हणून पक्षांमधले भांडण सहन करता येते. पक्षाला जातीची कळा आली, की मग दुसऱ्या जातीचा राष्ट्राध्यक्ष आपला कसा वाटावा?

त्याच्याच जोडीला दुसरी लक्षणे. निवडणुकीचा निकाल लागला, की काही आठवड्यांत जिंकलेल्या पक्षाच्या मतदारांना अर्थव्यवस्था सुधारलेली दिसू लागते आणि हरलेल्यांना ढासळलेली. भाव तेच, पगार तोच, घरभाडे तेच. पाहण्यांमध्ये हे पुन्हा पुन्हा दिसते, दोन्ही बाजूंनी. द्वेष करणारा माणूस राष्ट्राध्यक्षांच्या नावाने वाईट तेवढे जमा करतो, भक्त चांगले तेवढे. मला हे दोघे सख्खे भाऊ वाटतात. दोघांनीही देश नावाची एवढी मोठी गोष्ट एका माणसाच्या अंगरख्यात कोंबली आहे. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला बजावले होते. भक्तीच्या पोटातच द्वेषही वाढतो; दैवत एकच असले, की न मानणाऱ्याला पाखंडी ठरवणे ओघानेच येते.

या भांडणात आता आपली माणसेही आहेत. बेळगावचे श्री ठाणेदार, ज्यांचे मराठीतले आत्मचरित्र आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचले असेल, ते डेट्रॉइटहून डेमोक्रॅटिक पक्षातर्फे २०२२मध्ये काँग्रेसवर निवडून गेले. २०२५च्या एप्रिलमध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचा ठराव दाखल केला. राग कुणाला आला? ट्रम्प यांच्या समर्थकांना आला, हे सांगायला नको. पण स्वपक्षातल्या मंडळींनीही अवेळी केलेला उद्योग म्हणून कपाळाला हात लावला. पुढच्या महिन्यात त्यांनी मतदानाचा आग्रह सोडला. त्यांचे चूक की बरोबर, यावर आपल्या अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या घरांत दोन तट आहेत, हे मला ठाऊक आहे. महाभियोग घटनेत लिहिलेला आहे. तो मागणारा देशाचा वैरी ठरत नाही. मात्र तो पहिल्या दिवसापासूनच मागत बसले, तर खरी वेळ येईल तेव्हा त्याला धार राहत नाही.

खरी वेळ येते तेव्हा काय होते, ते १९७४मध्ये दिसले. वॉटरगेट प्रकरणात डेमोक्रॅट दोन वर्षे ओरडत होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या माणसांनी ते सगळे पक्षद्वेषात जमा केले आणि काही अंशी तो होताही. पण ७ ऑगस्टला संध्याकाळी तिघे जण व्हाइट हाउसमध्ये गेले. ह्यू स्कॉट, जॉन ऱ्होड्स आणि बॅरी गोल्डवॉटर. तिघेही निक्सन यांच्याच पक्षाचे. गोल्डवॉटर तर कट्टरांतले कट्टर. 'राजीनामा द्या' असे कुणी म्हणाले नाही. सिनेटमध्ये तुमच्या बाजूला जेमतेम पंधरा मते उरली आहेत, एवढा हिशेब त्यांनी मांडला. दुसऱ्या दिवशी निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला. विरोधकांचे दोन वर्षांचे ओरडणे आणि स्वकीयांचा अर्ध्या तासाचा हिशेब, कशाचे वजन किती, ते तुम्हीच ठरवा.

गोल्डवॉटर यांची अ‍ॅरिझोनाची ती सिनेटची जागा १९८७मध्ये जॉन मॅकेन यांच्याकडे आली. २००८मध्ये ते ओबामा यांच्याविरुद्ध उभे होते आणि पिछाडीवर होते. १० ऑक्टोबरला मिनेसोटातल्या लेकव्हिल गावी सभा होती. एक माणूस उठून म्हणाला, ओबामा राष्ट्राध्यक्ष झाले तर मला भीती वाटते. मॅकेन म्हणाले, ते सभ्य गृहस्थ आहेत, घाबरण्याचे कारण नाही. सभेत हुर्यो झाली. त्यांच्याच सभेत, त्यांचीच! थोड्या वेळाने एक बाई उठल्या. ओबामांवर माझा विश्वास नाही, ते अरब आहेत, असे म्हणू लागल्या. मॅकेन यांनी मान हलवली, त्यांच्या हातातला माइक काढून घेतला आणि सांगितले, की नाही बाई, ते सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत आणि माझे त्यांच्याशी मूलभूत बाबतीत मतभेद आहेत. या उत्तरातही एक खोट आहेच. अरब असणे आणि सभ्य असणे यांत विरोध कसला? पण मते हवी असताना, दोन आठवडे ज्या भीतीवर आपला प्रचार पोसला जात होता तीच भीती आपल्याच माणसांच्या हातून काढून घ्यायची, हे सोपे नव्हते. त्यामुळे मते वाढली असेही नाही.

४ नोव्हेंबरला रात्री फिनिक्समध्ये ते पराभव मान्य करायला उभे राहिले. ओबामा यांचे नाव निघताच खालून पुन्हा हुर्यो उठली. मॅकेन यांनी दोन्ही हात पुढे करून लोकांना आवरले आणि म्हणाले, जे माझे प्रतिस्पर्धी होते, ते आता माझे राष्ट्राध्यक्ष होतील. त्यानंतर सिनेटमध्ये ओबामांच्या आरोग्य विधेयकाविरुद्ध त्यांनी कडाडून भाषणे केली आणि विरोधात मत दिले.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, वेळ संपली. प्रश्न विचारायचे असतील त्यांनी जरूर विचारावेत. इथल्या राजकारणावर विचारलेत तरी माझी हरकत नाही, आता दारे उघडी आहेत आणि कुणीही उठून जाऊ शकतो.